आक्कानं शोधलेला वकील

बातमी आणली ती मोटारीच्या ड्रायव्हरनं. वाशीमहून कारंज्याला येणारी मोटार रोज दुपारी आमच्या शाळेवरून धुरळा उडवत जाते, थांबत कधीच नाही. त्या दिवशी ती थांबली. ड्रायव्हर रहीमभाई उतरून वर्गाच्या दाराशी आला आणि आत न येता तसाच उभा राहिला. खांद्यावरचा रुमाल त्यानं हातात घेतला, घडी केली, पुन्हा उलगडली... मला तेव्हाच कळलं. "मास्तर, सकाळी आक्का गेल्या. वसंतानं तुमाले संगंच घेऊन या म्हनून सांगतलं," तो म्हणाला. परतीच्या वाटेवर तो मंगरूळला चहालासुद्धा उतरला नाही. वाशीम जवळ आल्यावर एकदाच बोलला. "मी नवा नवा गाडी चालवाले लागलो तवा मालकासंगं कज्जा झाला होता. कोन्या वकिलाकडं जाव, कोनी सांगे ना. आक्कानं सांगतलं. आज गाडी चालवून राह्यलो ते त्याच्यामुळं." मी मान हलवली. अशी माणसं नंतरच्या दिवसांत मला बरीच भेटायची होती.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, द्वारका. आई गेली तेव्हा मी लहान होतो, आणि लग्न होऊन सासरी निघालेल्या आक्कानं मला बरोबर वाशीमला नेलं. आमचं गाव जऊळक्याच्या पलीकडं, तिथं पुढची शाळा नव्हती. भावाला घेऊन सासरी जाणारी नवरी म्हणून तिला बोलणी बसली असतील, पण तिनं ती मला कधी कळू दिली नाहीत. भाऊजींनी तर उलट पहिल्याच दिवशी मला बाजारात नेऊन पाटी-पेन्सिल घेऊन दिली. भाऊजी मोठा हौशी माणूस. वाशीमला आगगाडी येऊन फार वर्षं झाली नव्हती, स्टेशनावर उतरलेले लोक तहानलेले असायचे, हे पाहून त्यांनी सोडावाटरचं यंत्र आणलं. गॅसची लोखंडी नळकांडी मुंबईहून रेल्वेनं यायची. यंत्राच्या पिंजऱ्यात बाटल्या अडकवून हातानं फिरवायच्या, पाण्यात गॅस भिनला की बाटलीतली काचेची गोटी वर येऊन तोंडाला घट्ट बसायची. बाटली फोडताना त्या गोटीचा जो आवाज व्हायचा, त्याला लहान मुलंच काय, मोठी माणसंही हसायची.

सोडा म्हणजे काय, शेवटी पाणीच. आणि गावातल्या विहिरींचं पाणी मचूळ. गोड पाणी होतं ते गावाबाहेर तुळशीराम माळ्याच्या मळ्यात. वांगी, मेथी, कोथिंबीर, मिरच्या असा त्याचा बारमाही मळा, आणि मधोमध दगडी पायऱ्यांची विहीर. तुळशीरामाची आणि भाऊजींची दोस्ती होती. "घेऊन जा ना बाप्पा, विहिरीले का कुलूप हाय?" एवढंच तो म्हणाला होता. त्या एका वाक्यावर कित्येक वर्षं आमची बैलगाडी रोज सकाळी पिंपं भरून आणत होती. कागद नाही, साक्ष नाही, काही नाही. त्याच्या घरच्या लग्नाकार्याला भाऊजी बाटल्यांच्या पेट्या पाठवायचे, आणि त्याच्या मळ्यातली पहिली मेथी आमच्या दारात यायची.

मग भाऊजी मुदतीच्या तापानं गेले. आक्का तेव्हा तिशीची होती, तिचा मुलगा वसंता शाळेत जायला लागला होता, आणि मी नुकताच कारंज्याला मास्तर म्हणून लागलो होतो. यंत्र विकून टाक, माझ्याकडं चल, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "बापू, यंतर फिरवाले मले येते. तू तुह्या पोराईले शिकव." आणि तिनं दुकान सुरू ठेवलं. ती आत बसून बाटल्या भरून घ्यायची, बाहेर विकायला एक गडी होता. वर्ष व्हायच्या आतच तुळशीरामही गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, आमची गाडी मळ्यातून रिकामी परत आली. तुळशीरामाच्या मुलानं, नामदेवानं, वाटेवर बोरीच्या काट्या टाकल्या होत्या.

आक्का दोनदा मळ्यात गेली. नामदेव भेटला नाही. झोपडीच्या आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "काय करायचं ते कायद्यानं करा." इकडं गावातल्या पाण्याचा सोडा लोक तोंडात घेऊन थुंकायला लागले. स्टेशनावरच्या दुकानदारानं पेट्या परत धाडल्या. लग्नघरांनी सांगितलेल्या मागण्या मोडल्या. आक्कानं मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "कायद्यानं करा म्हन्ते, तर वकील पाह्यला पाह्यजे. पन वकील पाह्यचा कसा रे? बैल घेताना दात पाह्यते, गाडगं घेताना वाजून पाह्यते. वकिलाचं काय पाह्यचं?" मी शिकलेला, पण मलाही ठाऊक नव्हतं.

म्हणून आम्ही सगळ्यात मोठ्या वकिलाकडं गेलो. त्यांचं नाव सांगत नाही. नावाजलेले गृहस्थ, खुनाच्या खटल्यातून माणसं सोडवलेली, ओसरीवर अशिलांची दाटी. आमचा नंबर लागला तेव्हा आक्का बोलायला लागली, पण त्यांनी प्रश्न विचारले ते मला. मी सांगत होतो, ते मधेच मुनशीला दुसऱ्याच कुठल्या खटल्याचं सांगत होते. "दिवाणी दावा लावू, मनाई हुकूम मागू," एवढं बोलून ते उठले. आक्कानं विचारलं, "साहेब, मनाई हुकूम येईलोक सोडा कायचा करू?" ते हसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "बाईंना समजावून सांगा." बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, "मानूस मोठा हाय. पन त्याच्या एवढ्या मोठ्या घरात आपली विहीर मावत नाई."

दुसरा वकील तरुण होता, नागपूरहून शिकून आलेला, बोलायला गोड. त्यानं आक्काला खुर्ची दिली, सगळं ऐकलं, आणि टेबलावर हात ठेवून म्हणाला, "जिंकलो समजा." फक्त एक गोष्ट करायची होती. पाण्यावर वहिवाटीचा हक्क लागायला जितकी वर्षं जावी लागतात तितकी आमची झालेली नव्हती. म्हणून गाडी आणखी काही वर्षं आधीपासून जात होती, असं शपथेवर सांगायचं. आक्का म्हणाली, "तवा तर दुकानच नव्हतं." तो म्हणाला, "कोर्टाला काय ठाऊक?" आक्का म्हणाली, "कोर्टाले नाई, मले ठाऊक हाय ना. शपथ तर मीच घ्यायची." तिनं पदर सावरला, त्याला नमस्कार केला आणि आम्ही उतरलो. तो बिचारा वाईट नव्हता. त्याला जिंकायची घाई होती.

तिसऱ्या वकिलाचं नाव कळलं ते बांगड्या भरताना. आक्का स्वतः आता बांगड्या भरत नव्हती, शेजारच्या लेकीसुनांना भरायला बाबाराव कासार आमच्या ओसरीवर बसला होता. दुकानाच्या भिंतीवरून त्याचं आणि त्याच्या भावकीचं कोर्ट झालं होतं, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. आक्कानं सहज विचारलं, "बाबारावभाऊ, तुमचा वकील कोन होता?" तो म्हणाला, "हबीबोद्दीन वकील. मशिदीमागं राह्यतात. पन मी हरलो बरं आक्का." मग बांगड्या मोजता मोजता सहजच म्हणाला, "त्याईनं मले पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं, का बाबाराव, तू हरशीन. मीच आयकलं नाई. हरल्यावर बी घरी आले, माह्या पोराच्या हातावर साखर ठेवली, अन् म्हने आता भावासंगं बोलाले लाग." आक्काचा चेहरा मला अजून दिसतो. ती मला आत बोलावून म्हणाली, "बापू, जिंकलेला मानूस तर कोन्याही वकिलाले चांगलाच म्हनन. हरलेला मानूस ज्याले चांगला म्हन्ते, त्याच्याकडं जाऊ."

हबीबोद्दीन वकिलांचं घर छोटं होतं. बैठकीत बसायला एक तख्तपोस, दोन खुर्च्या, कपाटात पुस्तकं. काळी शेरवानी कोपरांवर विटलेली. त्यांना दम्याचा त्रास होता, बोलताना मधेच थांबायचे, आणि समोरच्याला वाटायचं की आपण बोलावं म्हणूनच थांबलेत. त्यांनी आक्कालाच बोलू दिलं. ती भाऊजींपासून सुरुवात करून बोरीच्या काट्यांपर्यंत आली, तोवर ते मधे एक शब्द बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "बाई, तुळशीराम गेला तवा त्याच्या घरून तुमाले सांगावा आल्ता?" आक्का म्हणाली, "आल्ता." "मंग गेल्ता?" आक्का म्हणाली, "नाई." "भावाले पाठोलं? गड्याले?" तेही नाही. मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. ते हळूच म्हणाले, "दुकान उघडं होतं का त्या दिवशी?" आक्कानं मान खाली घातली. दुकान उघडं होतं.

आतून पडद्यामागून पाण्याचे पेले आले. मग वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, आम्हाला कळेल असा. तोंडी परवानगी देणाऱ्यापुरती असते. तो गेला, परवानगी गेली. "कायद्यात तुमी कमजोर आहा बाई. दावा लावतो म्हनलं तर लावता येते, पन दोन-तीन उन्हाळे कोर्टात जातीन, अन् शेवटी पानी भेटन असं मी सांगू शकत नाई. अन् भेटलं बी समजा, तर ज्या घरासंगं भांडून आनलं त्या विहिरीवर रोज सकाळी तुमची गाडी कशी जाईन?" आक्कानं विचारलं, "मंग मी काय करू?" ते म्हणाले, "मले एकडाव विहीर दाखवा."

तेच आम्हाला घेऊन मळ्यात गेले. आसेगावकडच्या एका अशिलाचा छकडा दारात उभा होता, तो मागून घेतला. काट्यांपाशी उतरून त्यांनी हाक मारली, "नामदेव, मी हबीबोद्दीन वकील. या बाईकडून आलो. आत येऊ का?" नामदेव आला. पंचविशीचा, रापलेला, डोळे लाल. वकिलाला पाहून तो बावरला, पण "नाई" म्हणाला नाही. वकीलसाहेब विहिरीच्या पायऱ्या उतरले, दम लागल्यामुळं मधे बसले, ओंजळीनं पाणी प्याले. वर येऊन म्हणाले, "याच्यासाठी कोनी बी भांडन. बोल, काहून बंद केलं?"

नामदेव आधी विहिरीचं बोलला. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, मोट पुरत नाही, वांगी करपतात. ते खरंच होतं. मग एकाएकी त्याचा आवाज फिरला. "साहेब, माह्या बापानं मरायच्या आधी दोनदा विचारलं, सोडावाटरवाल्याच्या घरचं कोनी आलं का म्हनून. याईच्या नवऱ्याले माह्या बापानं खांदा देल्ता. याईचं दुकान आमच्या पान्यावर उभं राह्यलं, अन् त्याच्या मातीले याईच्या घरचं कोनी आलं नाई. सांगा तुमीच." वकीलसाहेब काही सांगायला गेले नाहीत. त्यांनी आक्काकडं पाहिलं आणि दोन पावलं बाजूला झाले.

आक्का विहिरीच्या काठावर खाली बसली. तिथं बसून जे बोलली ते मलाही तिनं तोवर सांगितलेलं नव्हतं. "चुकलं माह्यं. नामदेव, मले वाटलं, माह्या नवऱ्याले जाऊन वर्ष झालं नाई, माह्यं तोंड अशा घरी कोनाले पाहू वाटन? लोक तोंड फिरवतात बाप्पा. सकाळी गाडी जुपताना गडी सुद्धा माह्या समोरून जात नाई. म्हनून मी आतच बसली. दुकान बंद ठेव म्हनाले पाह्यजे होतं, ते सुचलं नाई. तुह्या बापाचं पानी त्या दिवशी बी मी बाटल्याईत भरलं..."

झोपडीच्या दारात तुळशीरामाची बायको उभी होती. म्हातारी, पांढऱ्या कपाळाची. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. ती आली आणि आक्काच्या शेजारी बसली. "वं द्वारके," ती म्हणाली, "तुह्यावानीच मी बी हावो आता. माह्यं तोंड पाह्यतं का तू?" आणि आक्कानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. नामदेव पाठ करून उभा राहिला. वकीलसाहेबांनी मला दंडाला धरून वांग्यांच्या वाफ्याकडं नेलं आणि कोणत्या शाळेत शिकवता, काय शिकवता, असलं काहीतरी विचारत राहिले...

कागद तिथंच झाला, निंबाखाली. वकीलसाहेबांनी विचारून विचारून लिहिला. गाडी सकाळी मोट सुरू व्हायच्या आधी यावी. खालची पायरी उघडी पडली की गाडी बंद, पाऊस पडेपर्यंत. विहिरीतला गाळ काढायला दरसाल आक्कानं गडी द्यावेत. नामदेव अंगठा उठवायला निघाला तर त्यांनी त्याचा हात धरला. "थांब. मी या बाईचा वकील हावो, तुहा नाई. हा कागद दुसऱ्या कोन्या वकिलाले दाखव, त्यानं बरोबर हाय म्हनलं तर अंगठा दे." नामदेव म्हणाला, "साहेब, आता कायले?" ते म्हणाले, "बाप गेल्यावर पोरानं काट्या टाकल्या. उद्या तुही पोरं व्हतीन, याईचा पोरगा मोठा होईन. त्याईच्यासाठी." त्यानं तो कागद खरंच दाखवला, आणि दाखवला तो आम्ही उठून आलेल्या त्या तरुण वकिलाला. त्यानं एक ओळ सुधारून दिली, नामदेवाच्या फायद्याची. हबीबोद्दीनसाहेबांना त्याचं फार कौतुक वाटलं.

पुढं एका वर्षी पाऊस फारच लांबला. खालची पायरी उघडी पडली त्या दिवशी आक्कानं आपण होऊन गाडी थांबवली आणि दुकानाला कुलूप लावलं. मी सुटीत आलो होतो. लग्नसराई, स्टेशनावर गर्दी, आणि ही ओसरीवर बसून वाती वळत होती. आठवडाभरानं नामदेव दारात आला. "आक्का, स्टेशनावर लोक सोडा मागून राह्यले. दोन पिंपं नेली तर विहीर मरत नाई." आक्का म्हणाली, "कागदात काय हाय?" तो म्हणाला, "कागद वकिलाचा हाय. विहीर माही हाय." आक्का हसली, पण गाडी काही पाठवली नाही. पाऊस पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी नामदेव स्वतःच आपल्या बैलगाडीतून पाणी घेऊन आला.

हबीबोद्दीन वकील तीन-चार वर्षांपूर्वी गेले. त्या दिवशी आक्कानं दुकान बंद ठेवलं, वसंताला जनाज्याबरोबर पाठवलं, आणि आपण त्यांच्या बेगमजवळ दिवसभर जाऊन बसली. कुणी कपाळाकडं पाहिलं की नाही याचा विचार तिनं केव्हाच सोडला होता.

तोवर लोक तिला विचारायला येऊ लागले होते. सुरुवात कशी झाली ते मला नक्की सांगता येणार नाही. कोणी शिंपी, कोणी धनजचा तेली, कोणी भाड्याच्या दुकानातला अत्तारवाला... कोर्टाची नोटीस हातात घेऊन वाशीमला उतरायचे, आणि कोणीतरी त्यांना सोडावाटरवाल्या बाईकडं धाडायचं. ती कायदा सांगायची नाही. "मले कायद्यातलं कळत नाई," हे आधीच सांगायची. त्यांना आतल्या बाजेवर बसवायची, पाणी द्यायची, आणि सारं बोलू द्यायची. मग म्हणायची, तुमी अमक्याकडं जा. तापट माणसाला ती थंड वकिलाकडं पाठवायची. भित्र्या माणसाला त्या नागपूरच्या वकिलाकडं पाठवायची. तो आता तरुण राहिला नव्हता आणि चांगला तयार झाला होता. क्वचित एखाद्याला म्हणायची, "तुमी वकिलाकडं जाऊ नका. तुमी पह्यले बहिनीच्या घरी जाऊन या." मी एकदा तिला चिडवलं की, आक्का, तू तर वकिलांची वकील झालीस. ती म्हणाली, "नाई रे. मानूस घाबरला का त्याले दिसत नाई. दुसऱ्याच्या डोयानं जरा पाहू द्यायचं, एवढंच."

शेवटची भेट दिवाळीतली. ती खूप वाळली होती. जेवणावर वासना नव्हती, पण मी निघताना तिनं वसंताकडून लेमनची एक बाटली मागून घेतली आणि अर्धी मला प्यायला लावली. म्हणाली, "पानी अजून गोड हाय, नाई का?" मी हो म्हणालो. काय बोलायचं होतं, ते आता सुचतं...

परवा मी वाशीमला गेलो होतो. वसंता यंत्राजवळ होता, त्याची बायको शारदा आत निवडण करत होती, मी बाजेवर टेकलो होतो. तेवढ्यात दारात एक जोडपं उभं राहिलं. कुंभार असावेत, दोघांच्या पायांना वाळलेली माती होती. नवऱ्यानं बिचकत विचारलं, "वकील सांगनाऱ्या आक्का इथंच राह्यतात काय?" वसंतानं माझ्याकडं पाहिलं. आक्का गेली हे सांगायला हवं होतं. शारदानं सूप बाजूला ठेवलं, हात पुसले. "त्या गेल्या," ती म्हणाली. "बसा ना. एवढ्या उन्हाचे आले." ती माणसं ओशाळून मागं सरली, चुकलं म्हणाली, निघायला लागली. शारदा म्हणाली, "मले त्याईच्यावानी सांगता येनार नाई. पन आयकून घेईन."

मी बाजेवरून उठून त्यांना जागा करून दिली. पाणी पिऊन झाल्यावर तो माणूस हळूहळू बोलायला लागला, भट्टीच्या जागेचं काहीतरी होतं. बायको मधूनच त्याचं वाक्य दुरुस्त करत होती. शारदा जमिनीवर बसून ऐकत होती, मधे एक शब्द बोलत नव्हती. बाहेर गिऱ्हाईकं आली, वसंताचे दोन्ही हात यंत्रात अडकलेले. त्यानं आत हाक मारली नाही. मीच बाहेर गेलो आणि बाटल्या फोडून द्यायला लागलो.